आधी मैदान, मग पांदण, मग डांबरी

(सामुदायिक रेडिओवरच्या महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



मी बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. अंबड-घनसावंगीकडच्या काही गावांतले गट माझ्याकडे आहेत. एरवी मी इथं येते ती बचत, कर्जफेड, बँकेची कागदपत्रं असल्या विषयांवर बोलायला. आजचा विषय वेगळा आहे. बाईनं मोटारसायकल किंवा स्कूटी शिकायची तर कुठून सुरुवात करायची, सराव कसा करायचा आणि रस्त्यावर कधी निघायचं, हे आज बघू. तुम्ही म्हणाल, बचत गटाचा आणि याचा काय संबंध? संबंध आहे. तो आधी सांगते.

2021 ची दिवाळी आठवा. त्या वेळी एसटीचा संप सुरू झाला आणि पार एप्रिलपर्यंत चालला. आमच्या भागात तशाही एसट्या मोजक्याच, त्याही बंद पडल्या. माझ्या मात्र रोजच्या मीटिंगा होत्या. मग मी कोणाच्या मागे बसून जायची? मिस्टर घरी असले तर मिस्टरांच्या, नाहीतर पुतण्याच्या. पुतण्या तेव्हा दहावीला होता. गाडी झकास चालवायचा. गावात सगळी पोरं चालवतात, त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही.

डिसेंबरातली गोष्ट. प्रभागसंघाची मीटिंग लांबली आणि परतताना दिवस मावळला. उसाचे दिवस होते. पुढे ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या उभ्या. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. पुतण्याला त्या दिसल्या तेव्हा आम्ही अगदी जवळ पोचलो होतो. त्यानं जोरात ब्रेक मारला, गाडी घसरली आणि आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला कपाशीत जाऊन पडलो. मला खरचटलं. त्याचं उजवं मनगट मोडलं. लिहायचा हात, आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा.

प्लास्टर निघालं, पोरगं परीक्षेला बसलं, सगळं नीट झालं. पण त्या महिनाभरात मोठ्या जाऊबाईंच्या तोंडाकडं मला बघवत नव्हतं. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त लागायचं. सोळा वर्षांच्या लेकराच्या हातात गाडी दिली ती मी. का दिली? मला चालवता येत नव्हती म्हणून. आपल्याला गाडी येत नाही म्हणजे आपण जोखमीपासून लांब आहोत, असं आपण समजतो. तसं नसतं. आपली जोखीम तेव्हा दुसऱ्या कोणीतरी घेतलेली असते, आणि पुष्कळ घरांत तो दुसरा म्हणजे घरातलं लेकरूच असतं.

कायदाही इथं कडक आहे. अठरा वर्षांखालचं मूल गाडी चालवताना सापडलं, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या मुलाला पंचवीस वर्षांचं होईपर्यंत लायसन मिळत नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता मी प्रत्येक गटात सांगते.

हे धाडसाचं काम नाही

पाडव्याला टीव्हीवर आपण गिरगाव-डोंबिवलीच्या शोभायात्रा बघतो. नऊवारी, नथ, फेटा आणि खाली बुलेट. बघून छाती फुगते. पण त्यामुळं एक गैरसमजही होतो, की गाडी चालवायला फार धाडस लागतं आणि ते आपल्यात नाही.

माझ्या माहेरी लूनावर येणाऱ्या एक नर्सबाई होत्या. लूना बाजारात आली 1972 साली. हलकी, बिनगिअरची, सायकलसारखे पायडल असलेली गाडी. पांढरी साडी, हँडलला पिशवी, पावसाळ्यातसुद्धा वेळेवर हजर. त्यांना कोणी धाडसी म्हणत नव्हतं. त्या आपल्या नर्सबाई होत्या. गाडी हे त्यांच्या कामाचं साधन होतं, जसा आपला विळा.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं 1991 च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीताई अशा हजारोंनी त्या सायकल शिकल्या. त्या काही एकाएकी शूर झाल्या नव्हत्या. मैदान मिळालं, शिकवणारं कोणी मिळालं आणि बरोबरीच्या चारजणी मिळाल्या, एवढंच. आपल्यालाही तेवढंच लागतं. स्वयंपाक आपण असाच शिकलो. आधी कणीक मळली, मग वेडीवाकडी पोळी लाटली, मग ती फुगायला लागली. गाडीलाही अशाच पायऱ्या आहेत. पायरी गाळली की माणूस पडतं.

सगळ्यात आधी कागद

पहिल्या दिवशी किल्ली हातात घेण्याआधी शिकाऊ लायसन काढा. ज्याला आपण लर्निंग म्हणतो, ते. वय अठरा पूर्ण हवं. अर्ज परिवहन विभागाच्या 'सारथी' पोर्टलवर होतो. आधार मोबाईलला जोडलेलं असेल तर 2021 पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरी बसूनही देता येते. रस्त्याच्या खुणा आणि नियमांवरचे सोपे प्रश्न असतात, 60 टक्के बरोबर आले की पास. वयाची चाळीस वर्षं ओलांडलेल्या ताईंना डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याला नमुना 1-अ म्हणतात.

फीचे केंद्राच्या नियमातले मूळ दर ऐकून ठेवा. लर्निंगचे 150 रुपये आणि त्याच्या परीक्षेचे 50. पक्क्या लायसनचे 200 आणि चालवून दाखवण्याच्या चाचणीचे 300. त्यावर थोडाफार आकार लागतो. कोणी हजारांत पैसे मागितले तर विचारा, कशाचे? पावती कुठाय?

अर्ज भरताना एका ठिकाणी पुष्कळजणी फसतात. दुचाकीच्या लायसनचे दोन प्रकार असतात, बिनगिअर आणि गिअरसह. बिनगिअरचं लायसन स्कूटीपुरतं चालतं. त्यावर घरची मोटारसायकल चालवली तर ते लायसन नसल्यासारखंच. आपल्याकडं बहुतेक घरांत मोटारसायकलच असते. म्हणून जमत असेल तर गिअरची गाडी शिका आणि तसंच लायसन काढा, म्हणजे दोन्ही चालवता येतात.

लर्निंग सहा महिने चालतं. ते हातात आल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसनची चाचणी देता येते. या काळात तीन गोष्टी पाळायच्या. गाडीला पुढं आणि मागं पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावायचा. लायसन असलेलं शिकवणारं माणूस बरोबर हवं. आणि त्याच्याशिवाय मागे कोणालाही बसवायचं नाही. लेकराला शाळेत सोडून येते, सासूबाईंना दवाखान्यात नेऊन आणते, हे लर्निंगवर चालत नाही. लायसन नसताना गाडी चालवली तर 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. शिवाय अपघात झाला तर विम्याच्या दाव्यात अडचण येते आणि भरपाई घरावर पडू शकते. बचत गटातून फेडलेलं कर्ज असं एका दिवसात परत उभं राहू नये.

शिकवणारं कोण?

मला आधी मिस्टर शिकवायला लागले. तिसऱ्या दिवशी आमची भांडणं झाली. "क्लच सोड! अगं हळू! तुला सांगतोय काय आणि तू करतेस काय!" ओरडणं ऐकलं की हात आणखी ताठ होतात आणि ताठ हातानं गाडी वळत नाही. मग आमच्याच गावच्या आशाताई पुढं आल्या. त्या आठ वर्षांपासून गाडी चालवतात. दर रविवारी आणि अधूनमधून सकाळी त्यांनी मला शिकवलं. आवाज कधी चढवला नाही. गाडी बंद पडली की म्हणायच्या, "पडू दे बंद, परत चालू कर." नात्यापेक्षा शांत डोक्याचं माणूस निवडा. दोघी-तिघींनी मिळून शिकलात तर फारच छान. एकीची पाळी चालू असताना दुसरी बघून शिकते.

सराव रोज वीस-पंचवीस मिनिटं करा. आठवड्यातून एकदाच दोन तास करू नका. दमल्यावर चुका होतात, आणि चुकाच अंगवळणी पडतात.

पहिली पायरी : गाडी बंद ठेवून

गाडीचं वजन शंभर किलोच्या वर असतं, म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांएवढं. पहिले दोन दिवस इंजिन चालू करूच नका. गाडी हातानं ढकलत मैदानात फिरवा. वळवा, थांबवा, डबल स्टँडवर लावा, काढा. मग सीटवर बसा. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात का बघा. पायांनी ढकलत पुढं जा आणि ब्रेक दाबून थांबा. गाडी थोडी कलली तर सावरता येते आणि फार कलली तर सोडून द्यायची, हा अंदाज इथंच येतो.

पडलेली गाडी उचलायलाही शिका. आधी इंजिन बंद करा. गाडीकडं पाठ करून सीटला कंबर लावा, गुडघे वाकवा, एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं मागचा दांडा धरा. मग पायांच्या जोरावर मागं मागं सरकत उभ्या व्हा. डोक्यावर हंडा घेताना आपण पाठ ताठ ठेवून पायांनी उठतो, तसंच. वाकून नुसत्या हातांनी उचलायला गेलात तर कंबर धरेल.

दुसरी पायरी : क्लच आणि थांबणं

आता मैदानात इंजिन चालू. शाळेचं पटांगण सुट्टीच्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारून घ्या, नाहीतर खळवाडीची मोकळी जागा बघा. लेकरं, कोंबड्या, शेरडं नसलेली.

डाव्या हाताला क्लच असतो. इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाऊ द्यायची की तोडायची, हे क्लच ठरवतो. पूर्ण दाबला की इंजिन फिरतं पण चाक मोकळं राहतं. हळूहळू सोडला की एका जागी पकड लागते आणि गाडी सरकायला लागते. ती जागा हाताला कळली की अर्धी गाडी आली. म्हणून रेस न देता, पहिल्या गिअरमध्ये नुसता क्लच सोडत गाडी पाच पावलं सरकवायची, परत क्लच दाबून ब्रेक लावायचा. असं चाळीस-पन्नास वेळा. क्लच झटक्यात सुटला तर गाडी उडी मारते किंवा बंद पडते. बंद पडली तर हसून परत सुरू करा.

गिअर सगळ्या गाड्यांचे सारखे नसतात. काहींत सगळे गिअर पुढं दाबून पडतात. काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. शेजारची गाडी घेतलीत तर आधी विचारून घ्या. मीटरवर हिरवा दिवा दिसला की गाडी न्यूट्रल आहे.

आशाताईंनी मला चालवण्याआधी थांबायला शिकवलं. त्यांनी जमिनीवर फक्कीची रेघ मारली आणि म्हणाल्या, "रेघेवर चाक थांबलं पाहिजे, पुढं नाही, मागं नाही." मला नऊ दिवस लागले. तुम्हाला चार लागतील, नाहीतर पंधरा. मोजू नका.

ब्रेकबद्दल एक खुळ आपल्याकडं पक्कं बसलंय, की पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते. म्हणून बाया नुसता मागचा दाबतात. प्रत्यक्षात ब्रेक लावल्यावर गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवायचं मोठं काम तेच चाक करतं. नुसता मागचा ब्रेक दाबला की गाडी उशिरा थांबते आणि मागचं चाक घसरतं. आमच्या पुतण्याचं तेच झालं होतं. दोन्ही ब्रेक एकत्र लावा, झटका न देता आणि दाब वाढवत नेत. गाडी वळलेली असताना किंवा वाळूवर, खडीवर पुढचा ब्रेक हलक्या हातानं. 1 एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना, 125 सीसीपर्यंत, दोन्ही चाकांचा जोडब्रेक किंवा एबीएस असावाच लागतो. जुनी गाडी घेणाऱ्या ताईंनी आपल्या गाडीला तो आहे का, हे विचारून घ्यावं.

तिसरी पायरी : आठचा आकडा

दोन विटा आठ-दहा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. चाचणीतही हाच आकडा काढावा लागतो. युक्ती एकच, नजर. जिकडं बघाल तिकडं गाडी जाते. विटेकडं बघितलं की चाक विटेवरच चढतं. मान वळवून पुढच्या वळणाकडं बघा. हळू वेगात मागचा ब्रेक किंचित दाबून ठेवला आणि क्लच अर्धा धरला तर गाडी डगमगत नाही.

मी पहिल्या चाचणीत नापास झाले. वळताना पाय टेकला. परत यायला सात दिवस थांबावं लागलं. त्या सात दिवसांत मी विटा सोडून पाण्याचे दोन हंडे ठेवले. हंडा फुटला तर सासूबाई बोलतील, या धाकानं पाय आपोआप वर राहिला. दुसऱ्या वेळी पास झाले.

चौथी पायरी : पांदण

मैदानावरून थेट डांबरीवर जाऊ नका. मध्ये पांदण रस्ता आहे. वर्दळ कमी, पण रस्ता खराब, म्हणून शिकायला उत्तम. बैलगाडीच्या चाकोऱ्या असतात. चाकोरीत चाक गेलं की बळंच बाहेर काढू नका. वेग कमी करा, सपाट जागा आली की निघा. खड्ड्याआधी ब्रेक लावून घ्या, ऐन खड्ड्यात ब्रेक सोडा.

आपली काळी माती तुम्हाला ठाऊक आहे. पावसात ती चाक आणि मडगार्डच्या मध्ये इतकी भरते की चाक फिरतच नाही. नव्या बाईनं चिखलात गाडी घालूच नये. त्या दिवशी पायी जावं, यात कमीपणा नाही.

पाचवी पायरी : डांबरी

पहिल्यांदा डांबरीवर रविवारी सकाळी निघा. बाजाराचा दिवस नको. पांदणीतून वर येताना पूर्ण थांबायचं. उजवीकडं बघायचं, डावीकडं बघायचं, परत उजवीकडं बघायचं. आरसे लावलेले हवेत. पदर सारखा करायला आरसा असतो, असं आमच्या घरी चेष्टेनं म्हणतात. त्यांना म्हणू द्या. मागून येणारा टँकर आरशातच दिसतो.

वेगाचं गणित सगळ्यांनी पाठ करा. समोर काही दिसल्यावर हात ब्रेकवर जाऊन दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात ताशी 40 च्या वेगानं गाडी 11 मीटर पुढं गेलेली असते. त्यानंतर ब्रेक काम करायला लागतो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशी 20 ला थांबायला सगळं मिळून अंदाजे 9 मीटर लागतात, 40 ला 23 आणि 60 ला 44. म्हणजे जवळजवळ चार एसट्या एकापाठी एक उभ्या कराव्यात एवढं अंतर. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त.

आता रात्रीचं बघा. आपल्या गाडीचा दिवा थोड्याच अंतरापर्यंत दाखवतो. वेग एवढाच ठेवायचा, की दिव्याच्या उजेडात दिसेल तेवढ्या जागेत थांबता येईल. उसाच्या दिवसांत ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर वाळत घातलेली मका, सगळं असतं. पहिले सहा महिने दिवस मावळायच्या आत घरी, असा नियम मी स्वतःला घातला होता. आणि समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, त्यामुळं 'एकदा समृद्धीवरून चक्कर मारू' हा विचार कोणी करू नये.

मागे माणूस बसवणं ही शेवटची पायरी. पक्कं लायसन आल्यावर, तीही आधी मैदानात. मागं वजन आलं की गाडी उशिरा थांबते, वळताना जड लागते आणि उभी असताना कलते. मागे एकच माणूस. दोन बाया आणि मध्ये लेकरू, हे बंद करा.

कपडे आणि हेल्मेट

साडीवर गाडी चालवता येते, पण पदर कमरेला पक्का खोचून. ओढणी असेल तर टोकं मागं बांधून किंवा आत खोचून. मागचं चाक किमान अर्धं झाकणारी जाळी आणि मागे बसणाऱ्याला धरायला दांडा, हे मोटार वाहन नियमांत सांगितलेलंच आहे. पोरं गाडी छान दिसावी म्हणून जाळी काढून टाकतात. ती परत बसवून घ्या. पदर चाकात गेला की गळ्याला फास बसतो.

हेल्मेट आयएसआय खुणेचं घ्या, त्यावर आयएस 4151 हा आकडा असतो. पट्टा लावला नाही तर हेल्मेट घातलं काय आणि हँडलला अडकवलं काय, सारखंच. मागे बसणारीलाही हवं. पायात चप्पल नको, मागून बंद असलेलं काहीतरी घाला.

निघण्याआधी पाच गोष्टी बघा : टायरमधली हवा, दोन्ही ब्रेक, दिवे, पेट्रोल आणि साइड स्टँड. स्टँड वर न घेता निघालं तर डाव्या वळणावर तो जमिनीला टेकतो आणि गाडी उलटते.

आता तुमच्या गटात

मार्च 2023 पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. ते फार मोठं काम झालं. लांबच्या प्रवासाला एसटीच बरी. पण एसटी वाडीवर येत नाही, रात्री कळा सुरू झालेल्या सुनेसाठी थांबत नाही. मी गाडी शिकल्यापासून माझ्या मीटिंगा वेळेवर सुरू होतात. आमच्या भागातल्या दोन बँक सखी आणि एक पशुसखी आता स्वतःच्या गाडीवर फिरतात. त्यांतल्या एकीनं स्कूटी गटाच्या कर्जातून घेतली आणि हप्ता एकदाही चुकवला नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये बचतीचा हिशोब झाला की हा विषय काढा. कोणाकोणाला शिकायचंय, गावात शिकवणारी कोण आहे, पटांगण कधी मोकळं असतं, एवढं ठरवा. लर्निंगचे अर्ज चौघीजणी मिळून भरा.

जाता जाता पुतण्याचं सांगते. गेल्या वर्षी तो अठरा पूर्ण झाला. मीच त्याचा लर्निंगचा अर्ज भरला. म्हणाला, "काकू, मला तर सगळं येतंय, मैदानात कशाला?" मी फक्कीची रेघ मारली आणि म्हटलं, थांबव बघू रेघेवर. पहिल्या खेपेला तो दोन हात पुढं जाऊन थांबला. दुसऱ्या खेपेलाही पुढंच गेला. मग मात्र गप झाला आणि आठवडाभर रोज सकाळी माझ्याबरोबर पटांगणावर यायला लागला. जाऊबाई ओट्यावरून बघत असायच्या. आता त्यांनीही विचारलंय, मला शिकवशील का गं. रविवारपासून त्यांचा पहिला दिवस आहे. गाडी बंद ठेवून, नुसती ढकलत.